जगलेले झाड आणि फळलेले झाड: कोकणातील जैवइंधन लागवडीबाबत खुले पत्र

प्रति,
किनारपट्टीच्या पडीक जमिनींवरील जैवइंधन वृक्षलागवडीचा आराखडा करणारे सर्व अधिकारी,
तसेच त्यावर ठराव घेणार असलेल्या ग्रामपंचायतींचे सरपंच व सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

आपला लागवड आराखडा सध्या गावोगाव ठरावासाठी फिरत आहे. त्यात कातळसडा (जांभ्या कातळाचे उघडे पठार), खारजमीन (भरतीच्या खाऱ्या पाण्यापासून बांध घालून राखलेली जमीन) आणि वरकस (डोंगरउतारावरची हलकी जमीन) या तिन्ही जमिनी ‘पडीक’ या एकाच रकान्यात बसवल्या आहेत. तिन्ही ठिकाणी मोगली एरंड (जट्रोफा) लावायचा, अंतर ३ बाय २ मीटर, खड्डा ४५ सेंटिमीटर लांब-रुंद-खोल, लागवड जुलैत. झाडाच्या निवडीचे कारण एका ओळीत उरकले आहे: ‘ही वनस्पती ताण सहन करते.’ हे पत्र त्या एका ओळीबद्दल आहे.

आम्ही रोपे तयार करणारी, करंजाचे बी गोळा करणारी, घाणा चालवणारी आणि वनस्पतींवरील ताणाचा अभ्यास करणारी माणसे आहोत. तेलबियांच्या झाडांपासून इंधन व्हावे असे आम्हांला मनापासून वाटते. म्हणूनच हा आराखडा आहे तसा मान्य होणे आम्हांला परवडणारे नाही. तो फसला तर सड्यावरचे गवत जाईल, खारीतला पैसा जाईल, आणि पुढे कोणी योग्य झाड घेऊन आले तरी ग्रामसभा त्याला उभे करणार नाही.

मोगली एरंडाचा हा पहिला फेरा नाही, हेही आठवावे. २००३ साली नियोजन आयोगाच्या समितीने याच झाडाच्या भरवशावर २०११-१२ पर्यंत डिझेलमध्ये २० टक्के जैवडिझेल मिसळण्याचे लक्ष्य सुचवले होते. ते गाठले गेले नाही. २००९ च्या धोरणाने २० टक्क्यांची मुदत २०१७ वर नेली. २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणात जैवडिझेलचे लक्ष्य २०३० पर्यंत ५ टक्के इतके खाली आले. मधल्या काळात देशभर लाखो रोपे लावली गेली. त्यातली पुष्कळ जगलीही. बी मात्र पुरेसे आले नाही.

असे का होते ते समजून घेतल्याशिवाय पुढचे सगळे आकडे व्यर्थ आहेत. पानात तयार झालेली साखर झाड कशावर खर्च करते, हा हिशेब आहे. एक ग्रॅम ग्लुकोजपासून सुमारे ०.८३ ग्रॅम पिष्ट (स्टार्च) किंवा सेल्युलोजसारखा पदार्थ बनतो. तेल बनते जेमतेम ०.३३ ग्रॅम. म्हणजे झाडाच्या दृष्टीने तेल ही सगळ्यात महागडी वस्तू. पाणी तुटले, मीठ वाढले किंवा मुळांना हवा मिळेनाशी झाली की झाड पर्णरंध्रे, म्हणजे पानांवरची सूक्ष्म छिद्रे, मिटून घेते. पाणी वाचते, पण कार्बन डायऑक्साइड आत येणेही थांबते. जी थोडी साखर बनते ती मुळे लांबवायला, पेशींत क्षार-पाण्याचा तोल राखायला आणि झालेली मोडतोड दुरुस्त करायला जाते. फुले गळतात, शेंगा पोचट राहतात, दाणा भरला तरी त्यात तेल कमी उतरते. ताण सहन करणे म्हणजे हेच: बियांचा खर्च तोडून जीव वाचवणे. मोगली एरंड यात पटाईत आहे. उन्हाळ्यात तो सगळी पाने टाकतो आणि मांसल खोडातल्या पाण्यावर तगतो. वईला (कुंपणाला) लावलेला मोगली एरंड वर्षानुवर्षे उभा दिसतो तो यामुळेच. गुरे त्याला तोंड लावत नाहीत, म्हणून वईसाठी तो उत्तम आहे. पण एप्रिलमध्ये निष्पर्ण उभ्या असलेल्या बुंध्यावर नख मारून आत हिरवे दिसले की पाहणीच्या तक्त्यात ‘जिवंत’ अशी खूण होते, आणि त्या खुणेचे पुढे कागदावर लिटर होतात.

आता आपल्या तीन जमिनींकडे येऊ.

सर्वांत मोठी हरकत कातळसड्याबद्दल आहे. किनाऱ्याच्या बऱ्याच भागांत जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि पुढचे आठ महिने जवळजवळ कोरडे जातात. सड्यावर माती कुठे चार बोटे, कुठे तीही नाही. अशा कातळात मशीनने खड्डा मारला की ती एक कुंडी होते, आणि तिला खाली भोक नसते. जुलैत ती काठोकाठ भरते. पाण्यातून प्राणवायू हवेच्या मानाने सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतो, त्यामुळे एक-दोन दिवसांत मुळांभोवतीचा साठा संपतो. मग मुळे आंबवण्याच्या मार्गाने श्वसन करतात. त्यात एका ग्लुकोजमागे मिळणारी ऊर्जा नेहमीच्या तीसएक एककांवरून दोनवर येते. मुळांचे पाणी ओढणे मंदावते, म्हणून भर पावसात पाने मान टाकतात. शिवाय जांभ्याच्या मातीत लोह भरपूर असते. हवा गेली की ते विरघळणाऱ्या रूपात येऊन मुळांना बाधते. साचलेले पाणी मोगली एरंडाला मुळीच सोसत नाही. पाने पिवळी पडून गळतात, मागोमाग मूळकूज येते.

यातूनही जे रोप ऑक्टोबरपर्यंत पोचेल त्याच्यापुढे उलटे संकट उभे राहते. ४५ सेंटिमीटरच्या खड्ड्यात माती मावते सुमारे ९१ लिटर. भरड जांभ्या मातीत झाडाच्या उपयोगी पडेल असे पाणी तिच्या दहाएक टक्के धरले, तर होतात नऊ लिटर. चहूबाजूंनी कातळ असल्याने मुळांना बाहेर जायला वाट नाही. नऊ लिटर पाण्यावर आठ महिने काढायचे आणि त्यातून तेलही द्यायचे, अशी अपेक्षा आपण ठेवली आहे. सड्यावर आंब्याची कलमे उभी आहेत ना, असे कोणी विचारेल. ती उभी आहेत, कारण तिथे कातळ खोल फोडला, बाहेरून माती आणून भरली आणि पहिली काही वर्षे हंड्याने पाणी घातले. आपल्या अंदाजपत्रकात यातले काहीच नाही.

सडा पडीक आहे हेच मुळात चुकीचे आहे. पावसाळ्यात इथल्या उथळ डबक्यांत सीतेची आसवं फुलतात, दिपकाडीसारखी कोकणाबाहेर क्वचितच आढळणारी कंदवर्गीय वनस्पती उगवते, खाचखळग्यांत नाचणी-वरी होते, आणि दिवाळीनंतर कापलेल्या गवतावर गावाची गुरे जगतात. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या सड्यांवरची कातळशिल्पे २०२२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आहेत. एक हेक्टरला ३ बाय २ मीटरने १,६६६ खड्डे होतात. कातळावरची रेघ पुसली गेली की ती परत काढता येत नाही. खड्डे मारण्याआधी सड्याची पायी पाहणी करायची तरतूदही आराखड्यात दिसत नाही.

दुसरी हरकत खारजमिनीबद्दल आहे. खारीत जुलैत केलेली लागवड नेहमीच छान दिसते, आणि फसगत इथेच होते. पावसाने वरच्या थरातले मीठ धुऊन जाते, म्हणून तर पावसाळ्यात तिथे भात होतो. पाऊस सरला की जमिनीतले खारे पाणी बारीक छिद्रांतून वर चढते, वरचे पाणी उडून जाते आणि मीठ मागे राहते. मे महिन्यात खारीत पांढरी पापडी दिसते ती हीच. आराखड्याला जोडलेले मातीचे नमुने सप्टेंबरमध्ये घेतलेले आहेत. सप्टेंबरचा आकडा पाहून मार्चमध्ये मरणारे झाड लावायचे, असा त्याचा अर्थ होतो. मातीतल्या मिठाचे माप म्हणजे तिच्या संपृक्त अर्काची विद्युतवाहकता. ती मीटरला ४ डेसिसिमेन्सच्या वर गेली की जमीन क्षारयुक्त मानतात. खारीत हा आकडा ऋतूप्रमाणे कितीतरी पटींनी बदलतो. म्हणून नमुने दोनदा घ्यावे लागतात: एकदा सप्टेंबरअखेर, एकदा मेमध्ये, आणि ते ०-१५, १५-३० व ३०-६० सेंटिमीटर अशा तीन थरांतून वेगवेगळे.

मीठ झाडाला दोन टप्प्यांत मारते. आधी मातीतले पाणी ओढणेच जड होते, वाढ खुंटते. मग आठवड्या-महिन्यांनी जुन्या पानांत सोडियम साठत जाऊन कडा करपतात. ज्या झाडांना सोडियम मुळातच अडवता येतो ती टिकतात, पण त्या अडवण्याला ऊर्जा लागते. खारीत मीठ आणि साचलेले पाणी दोन्ही एकाच जागी असतात. मुळांना हवा नसली तर ऊर्जा नाही, ऊर्जा नसली तर सोडियमला अडवणारे कोणी नाही. एरवी मीठ सोसणारे झाडही अशा वेळी हार खाते. त्यामुळे खारीत आधी पाण्याचा निचरा पाहावा लागतो, झाडाचा विचार नंतर. बांधाला खांड पडली आहे का, खेकड्यांनी बांध पोखरला आहे का, उघाडीची (बांधातल्या पाणी सोडण्याच्या दाराची) झडप भरतीला नीट मिटते का, ओहोटीला उघडते का, हे पाहिल्याशिवाय तिथे रोप नेणे म्हणजे ते फेकून देणे. आणि बांध दुरुस्त होणारच असेल तर त्या जमिनीवर पहिला हक्क भाताचा आहे. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने क्षार सोसणारे भाताचे वाण याच जमिनींसाठी काढले आहेत. बांधाबाहेरच्या कांदळवनाला तर हातच लावता येणार नाही. त्याभोवतीचा ५० मीटर पट्टा बांधकामापासून मोकळा ठेवण्याबाबतचा मुंबई उच्च न्यायालयाचा २०१८ चा निकाल आपणांस ठाऊक आहेच. तरीही आराखड्याच्या नकाशात काही ठिकाणी हा पट्टा रंगवलेला आहे.

वरकस जमिनीबद्दल फार लिहीत नाही. तीन रकान्यांतली ही एकच जागा लागवडीला खरोखर योग्य आहे, अर्थात उतार बेताचा आणि मातीची खोली निदान मीटरभर असेल तिथे. तिथला शत्रू वणवा. फेब्रुवारी ते मे या काळात एक ठिणगी पडली की तीन वर्षांची मेहनत दुपारभरात जाते. जाळरेषा (आग अडवणारा साफ केलेला पट्टा), कुंपण आणि राखणदार यांसाठी आराखड्यात खर्चाची एक ओळही नाही.

तिसरी हरकत झाडाच्या निवडीवर आहे, आणि तिचे उत्तर आपल्या किनाऱ्यावरच उभे आहे. मोगली एरंड मूळचा मध्य अमेरिकेतला. त्याला बी येते तेही कंजूषपणे, एका मादी फुलामागे वीसेक नर फुले असतात. त्याच्या तुलनेत करंज पाहा. खाडीकाठी, पऱ्याच्या (ओढ्याच्या) कडेला, देवळामागे, पाय पाण्यात आणि मूळ खाऱ्यात ठेवून तो पिढ्यान्‌पिढ्या वाढतो. बराचसा सोडियम तो मुळांतच अडकवून ठेवतो. शेंगवर्गातला असल्याने मुळांवरच्या गाठींतून हवेतला नत्र मिळवतो. बियांत साधारण ३० ते ४० टक्के तेल असते. पेंडीत चारेक टक्के नत्र असल्याने नारळ-सुपारीच्या बागायतदारांना ती हवीच असते. पुळणीवर (किनाऱ्याच्या वाळूवर) उंडी हे तेलबियांचे झाड आहे. तिचे जाड चकचकीत पान खारा वारा झेलते, वाळूत ती मूळ धरते, आणि मगज नीट वाळवला तर त्यात निम्म्याहून जास्त तेल भरते. निसर्ग चक्रीवादळाने ३ जून २०२० रोजी श्रीवर्धन-दापोली पट्ट्यातल्या नारळी-पोफळी आडव्या केल्या. तेव्हापासून वाऱ्याला आडोसा देणाऱ्या झाडांच्या पट्ट्याबद्दल सगळे बोलतात. तो पट्टा उंडीचा का नसावा?

मात्र करंजालाही आंधळेपणाने लावू नये. करंजाचे परागीकरण दुसऱ्या झाडाच्या परागांनी होते, म्हणून एकाच झाडाच्या बियांची रोपे सारखी निघत नाहीत. काही भरभरून फळतात, काही वीस वर्षे नुसती सावली देतात. सरसकट बी पेरून केलेली लाखभर रोपे हा जुगार आहे. आधी मातृवृक्ष, म्हणजे ज्यांच्यापासून रोपे करायची ती भरपूर फळणारी झाडे, निवडावीत. निदान तीन हंगाम एकेका झाडाचे बी वजन करावे, तेलाचे प्रमाण काढावे, आणि खारीसाठी खाडीकाठचीच झाडे घ्यावीत. त्यांच्या काडीवर मृदुकाष्ठ कलमे बांधावीत. आंबा-काजूमुळे हे काम करणारे हात गावोगाव आहेत. रोपवाटिकेच्या मिश्रणात जुन्या करंजाखालची ओंजळभर माती घालावी, म्हणजे गाठी धरणारे जिवाणू आयते मिळतात. उंडीचे बी पेरताना कवच फोडावे. कवच काढलेले बी सुमारे तीन आठवड्यांत उगवते, न काढलेले जवळपास दोन महिने घेते. लागवडीआधी शेवटचा महिनाभर रोपांचे पाणी टप्प्याटप्प्याने तोडावे, सावली काढावी, आणि खारीकडे जाणाऱ्या रोपांना अल्प खाऱ्या पाण्याची सवय लावावी. अंतर ५ बाय ५ मीटरपेक्षा कमी नको. करंजाला ऊन लागते, फांद्या एकमेकींत शिरल्या की फुलोरा घटतो.

हिशेबही मांडून पाहू. हेक्टरी ४०० झाडे, चांगल्या जमिनीत दहाव्या वर्षी झाडामागे १० किलो बी धरले तर ४ टन बी होते. घाण्यावर २५ टक्के तेल निघाले तर १,००० किलो तेल. कातळावर झाडामागे १ किलोच बी आले, तर तेल १०० किलो. पण ते वेचायला तेवढेच क्षेत्र पायाखाली घालावे लागेल, आणि मजुरीच तेलाच्या किमतीपुढे जाईल.

चौथी गोष्ट आम्हांला सर्वांत जास्त सलते. करंजाची जी झाडे आज उभी आहेत त्यांचे बी दरवर्षी जमिनीवर कुजते. शेंगा फेब्रुवारीपासून मेपर्यंत पिकतात. त्या वेळी गोळा करून चार-पाच दिवस कडक उन्हात वाळवल्या, मोगरीने ठोकून दाणे काढले, ओल ८ टक्क्यांच्या खाली आणली आणि तागाच्या पोत्यांत फळ्यांवर ठेवले, तर तेल चांगले उतरते. पण खरेदी केंद्र नाही, भाव जाहीर नाही, वाळवायला खळे नाही. मिरगाचा पाऊस लागला की भिजलेल्या बियांत बुरशी आणि विकरे तेलाचे विघटन सुरू करतात, आणि मुक्त मेदाम्ले (तेलातून सुटी झालेली आम्ले) वाढतात. याचा परिणाम पुढे कारखान्यात दिसतो. नेहमीच्या पद्धतीत १०० किलो तेलाला सुमारे २२ किलो मिथेनॉल आणि १ किलोच्या आसपास अल्कली घालून ६० अंश सेल्सिअसला तासभर ढवळतात. जैवडिझेल वर येते, दहाएक किलो ग्लिसरीन खाली बसते. पण मुक्त मेदाम्ले १ टक्क्यापेक्षा फार वर असली तर अल्कलीशी त्यांचा साबण होतो, आणि दोन्ही थर वेगळेच होत नाहीत. मग आधी आम्लाची वेगळी प्रक्रिया करावी लागते, खर्च वाढतो. उंडीच्या कच्च्या तेलाला तर हा जादा टप्पा बहुधा चुकतच नाही. जैवडिझेलच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १५६०७ मध्ये, आम्लांक (आम्लाचे माप) ग्रॅममागे ०.५० मिलिग्रॅम पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या आत हवा. तो राखण्याची सुरुवात मे महिन्यातल्या खळ्यावर होते. आपल्या आराखड्यात लागवडीला पानेच्या पाने आहेत, वाळवणीला एक शब्दही नाही.

म्हणून आमच्या मागण्या अशा आहेत.

कातळसडे या आराखड्यातून पूर्णपणे वगळावेत. कांदळवन आणि त्याभोवतीचा ५० मीटरचा पट्टा नकाशावरून काढावा.

खारजमिनीत बांध आणि उघाड्या दुरुस्त होऊन मे महिन्याचे मातीचे नमुने तपासून येईपर्यंत एकही खड्डा मारू नये. त्यानंतरही भाताची जमीन सोडून बांधाच्या आतल्या उंच कडांवरच करंज लावावा.

मोगली एरंड मागे घ्यावा. वरकस आणि खाडीकाठ करंजासाठी व पुळणीमागचा पट्टा उंडीसाठी ठेवावा. झाडांची निवड, मातृवृक्षांची नोंद आणि कलमे हे काम दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या सल्ल्याने व्हावे. लागवड तोवर थांबली तरी चालेल.

रोप जगले किती हे लागवडीनंतरच्या तिसऱ्या मेमध्ये मोजावे. पाचव्या वर्षापासून झाडामागे बी किती किलो आले ते मोजून गावाच्या फलकावर लावावे. ठेकेदाराचा शेवटचा हप्ता तिसऱ्या वर्षीच्या मोजणीशी बांधावा.

पहिल्या वर्षीचा निम्मा निधी नव्या खड्ड्यांऐवजी असलेल्या झाडांच्या बियांवर खर्च करावा: दर पाच-सहा गावांमागे एक सिमेंटचे खळे, एक ओलमापक, एक सोलणी यंत्र, आणि जानेवारीतच जाहीर केलेला खरेदीभाव. ओल ८ टक्क्यांच्या आत असेल त्याला वरचा भाव मिळावा. बी वेचणाऱ्या बहुतेक बायाच असतात. पैसे त्यांच्या स्वतःच्या खात्यात, आठवड्याच्या आत जमा व्हावेत.

आणि वरकसवरच्या प्रत्येक लागवडीला तीन वर्षे जाळरेषा आणि राखण यांची तरतूद असल्याशिवाय मंजुरी देऊ नये.

ग्रामसभांना आमची विनंती आहे की, ठरावावर सही करण्याआधी आपल्या हद्दीतल्या कोणत्या सर्व्हे नंबरवर काय लागणार आहे ते नकाशासह मागून घ्यावे, आणि त्या जागेवर एकदा मेमध्ये व एकदा जुलैत स्वतः उभे राहून यावे. कुदळ चालवून माती किती खोल आहे ते पाहावे. खड्डा मारून त्यात पाणी किती दिवस टिकते तेही पाहावे. चार दिवसांनंतरही पाणी दिसले तर तिथे यांपैकी कोणतेही झाड लावू नये.

मशीनने खड्डे मारण्याचे काम मिरगाआधी सुरू होणार असे सांगितले जात आहे. त्यापूर्वी वरील प्रत्येक मागणीचे लेखी उत्तर संबंधित ग्रामपंचायतींना मिळावे. मातृवृक्ष दाखवायला, कलमे बांधायला शिकवायला आणि मेमधले मातीचे नमुने काढायला आम्ही विनामोबदला येऊ.

आपले,
कोकण किनाऱ्यावरील रोपवाटिकाधारक, बी वेचणारे, घाणेवाले आणि वनस्पतिशास्त्राचे अभ्यासक